दोन आठवड्यांच्या कॅज्युअल्टी पोस्टिंगमध्ये इंटर्नना ट्रॉमाचा पेशंट तपासायला कसं शिकवायचं?

शल्यक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतो. वर्षाला १५० इंटर्न, नियमाप्रमाणे प्रत्येकाला कॅज्युअल्टीचे दोन आठवडे. हिशेब केला तर एका वेळी पाच-सहा जणच हाताशी असतात, म्हणजे गर्दीची अडचण नाही.

ए-बी-सी-डी-ई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, कपडे काढून पूर्ण तपासणी) प्रत्येकाला पाठ आहे. व्हायव्हात विचारा, एका दमात म्हणून दाखवतील. टेबलावर दुचाकीवरून पडलेला पेशंट आला की मात्र तीन गोष्टी हमखास होतात. नडगीचं हाड बाहेर आलेलं दिसलं की सगळे पायाशी गोळा होतात, डोक्याशी कुणी नाही. बीपी ११०/८० आलं की केसपेपरवर 'व्हायटल्स स्टेबल' लिहून पेन खिशात. आणि एकदा तपासून झालं की सीटीला नेईपर्यंत पुन्हा कुणी पेशंटला हात लावत नाही.

सिम्युलेशन लॅब नाही. सीपीआरचा एक मॅनिकिन आहे, त्याच्या छातीची स्प्रिंग गेलेली. एटीएलएसची (ट्रॉमा हाताळायच्या ठरावीक कोर्सची) फी आणि जागा पाहता सगळी बॅच तिकडे पाठवणं शक्य नाही. रोज राउंडनंतर अर्धा तास हाताशी आहे. त्यात काय घ्यावं, कोणत्या क्रमाने, आणि शेवटी परीक्षा कशी घ्यावी? पुस्तकांची नावं नकोत, टेबलाशी उभं राहून काय करायचं ते सांगा.

तातडीचा_कक्ष

सर, तिन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतं. कोणत्या अक्षराखाली काय पाहायचं हे मुलांना माहीत असतं. सापडलं तर तिथेच थांबून काय करायचं, आणि केल्यावर पुन्हा कुठून सुरुवात करायची, हे कुणी करून घेतलेलं नसतं. म्हणून प्रत्येक अक्षराला चार वाक्यं मोठ्याने बोलायला लावा: काय पाहतोय, काय सापडलं, काय केलं, आता पुन्हा पाहिलं तर काय.

उदाहरणार्थ: "डावी छाती हलत नाही, हवा जात नाही, बीपी पडतंय. टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा कोंडून फुप्फुस दबणं) समजतो. सुई टाकतोय. टाकली. पुन्हा पाहतो: सॅच्युरेशन ९१ वरून ९६, नाडी अजून १२८." शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. छातीतली हवा निघाली तरी नाडी उतरली नाही, याचा अर्थ पेशंटला दुसरंही काहीतरी झालंय आणि बहुतेक तो कुठेतरी रक्त गमावतोय. जो मनातल्या मनात तपासतो त्याची चूक नेमकी कुठे झाली ते शिकवणाऱ्याला कळत नाही, टीमलाही कळत नाही. पहिले दोन दिवस मुलं लाजतात, पुटपुटतात. सोडू नका.

पहिल्या दिवशी पेशंटला हात लावू द्यायचा नाही. घड्याळ आणि कागद द्यायचा. पेशंट किती वाजता आत आला, ऑक्सिजन किती वाजता लागला, पहिलं बीपी कधी, दुसरं कधी, पाठ कधी पाहिली, अंगावर पांघरूण कधी पडलं. एवढंच लिहायचं. दुसऱ्या बीपीचा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो, आणि तो रिकामा रकाना त्यांच्याच हातच्या कागदावर दिसला की वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

दुसरा दिवस पहिल्या दहा सेकंदांचा. "दादा, नाव काय तुमचं? काय झालं?" पूर्ण वाक्यात, सरळ उत्तर आलं तर श्वासमार्ग सध्या मोकळा आहे, छातीत बोलण्यापुरती हवा जातेय आणि मेंदूला रक्त पोचतंय. 'सध्या' हा शब्द अधोरेखित करा. चेहऱ्याचं हाड मोडलेला किंवा गळ्यावर मार बसलेला पेशंट आत्ता बोलतो आणि वीस मिनिटांत बोलायचा थांबतो. घोगरा आवाज, घरघर, गळ्यावर कातडीखाली हवेची करकर, यांतलं काही सापडलं की 'ए' संपलेला नाही.

'सी'वर सगळ्यात जास्त वेळ द्या, तीन दिवस तरी. 'बीपी चांगलं आहे' ही समजूत इथेच मोडायला हवी. प्रौढ माणसाच्या शरीरात किलोला साधारण ७० मिली रक्त. आपल्याकडचा ५५ किलोचा पेशंट धरला तर ३,८५० मिली. १५ ते ३० टक्के गेलं तरी वरचं बीपी जाग्यावर राहू शकतं. आधी नाडी चढते, श्वास वाढतो, आणि खालचं बीपी वर सरकून दोन्हींमधलं अंतर कमी होतं. वरचं बीपी ठळकपणे पडतं ते ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे या माणसात साधारण १,१५० मिली गेल्यावर. तुमच्या उदाहरणातलं ११०/८० पाहा: अंतर फक्त ३०. सोबत नाडी १२४ आणि हातपाय गार असतील तर हा पेशंट स्टेबल नाही. 'व्हायटल्स स्टेबल' हे शब्द केसपेपरवर लिहायला बंदी घाला, आकडे आणि वेळ लिहायला लावा. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आणखी सावध. बीपीच्या काही गोळ्यांमुळे (बीटा-ब्लॉकर) नाडी चढतच नाही, आणि पासष्टीच्या पुढे वरचं बीपी ११० च्या खाली आलं तर ते कमीच समजायचं.

रक्त कुठे गेलं ते शोधायच्या जागा ठरलेल्या: छाती, पोट, पेल्व्हिस (ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं) आणि त्याच्या मागची जागा, मांडी, आणि जमीन. जमीन म्हणजे अपघाताच्या जागी सांडलेलं, रिक्षात सांडलेलं, अंगाखालच्या चादरीत मुरलेलं. मांडीचं हाड मोडलं तर दीड लिटरपर्यंत रक्त मांडीतच साचू शकतं. डोक्याला मार लागलेल्या प्रौढाचं बीपी पडलं की मुलं 'हेड इंज्युरीमुळे' लिहितात. मोठ्या माणसात कवटीच्या आत एवढी जागाच नसते. दुसरीकडे शोधायला लावा.

सांडलेल्या रक्ताचा अंदाज शिकवायला कुंकवाचं पाणी पुरतं. मोजून २५०, ५०० आणि १,००० मिली अनुक्रमे फरशीवर, घडी घातलेल्या चादरीवर आणि जीन्सच्या पँटवर ओता, प्रत्येकाला चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगा, मग खरा आकडा सांगा. फरशीवरचं जास्त वाटतं, कापडातलं कमी.

दुसरा प्रयोग सलाइनचा. ५०० मिलीच्या दोन बाटल्या एकाच उंचीवर टांगा. एकीला हिरवा १८ नंबरचा कॅन्युला (शिरेत घालायची सुई-नळी), दुसरीला गुलाबी २० नंबर, खाली बादली, हातात घड्याळ. नंतर करड्या १६ नंबरने तेच. पाकिटावर छापलेले आकडे साधारण असे असतात: २० ला मिनिटाला ६० मिली, १८ ला ९०, १६ ला १८०. जमलं तर जुन्या सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या लांब नळीची) एक वाहिनीही लावून पाहा. नळी लांब, म्हणून प्रवाह मंद. 'गंभीर पेशंटला मोठी लाइन म्हणजे सेंट्रल लाइन' हा गैरसमज तिथेच जातो. आणि थ्री-वेची लांब एक्स्टेन्शन जोडली की चांगल्या १६ नंबरचीही गती कशी कमी होते, तेही दाखवून टाका.

सुरुवातीचं सलाइन कोमट, एक लिटरपर्यंत, आणि प्रत्येक बाटलीनंतर पुन्हा तपासणी. तीन-तीन लिटर थंड सलाइन ओतून गोठण्याचे घटक पातळ करणं अजून सर्रास चालतं. रक्तस्राव दिसत असेल किंवा दाट शंका असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं औषध) १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. अट एकच: मार लागल्यापासून तीन तासांच्या आत सुरू व्हायला हवं. २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात तीन तासांनंतर दिलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले होते. म्हणून 'कधी लागलं' हा प्रश्न इतिहासासाठी राखून ठेवायचा नाही, 'सी'मध्येच विचारायचा.

बाकीचं इतर मंडळी लिहितीलच. परीक्षेबद्दल नंतर लिहितो.

सफेद_टोपी

वरच्या डॉक्टरांचं सगळं पटलं. कॅज्युअल्टी इन्चार्ज म्हणून हाताने होणाऱ्या चुका सांगते, कारण त्या पुस्तकात नसतात.

ऑक्सिजनचा पिशवीवाला मास्क लावतात आणि फ्लोमीटर ५ वर ठेवतात. पिशवी चपटी. पेशंट त्यातून आपलाच उच्छ्वास परत घेतो. १२ ते १५ लिटर, पिशवीचं तोंड बोटाने दाबून ती आधी फुगवायची, मग मास्क चेहऱ्यावर. पेशंटने श्वास घेताना पिशवी पूर्ण बसायला नको.

बीपीचा कफ आणि बोटाचा प्रोब एकाच हाताला. कफ फुगला की सॅच्युरेशन गायब, मग धावपळ. लाइन लावलेल्या हातालाही कफ नको. गार पडलेल्या बोटावर प्रोब आकडा दाखवतो तो खरा असेलच असं नाही, लहर नीट येते का ते आधी पाहा.

सीटीला जाताना सिलेंडर कुणी पाहत नाही. बी-टाइप पूर्ण भरलेला असेल तर साधारण १,५०० लिटर. १५ लिटरच्या गतीने शंभर मिनिटं. अर्धा असेल तर पन्नास, आणि सीटीच्या बाहेर वाट पाहण्यात त्यातली तीस जातात. इंटर्नला निघण्यापूर्वी हा भागाकार तोंडी करायला लावा. सोबत सक्शन आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे का, ते त्यानेच हात लावून पाहायचं.

कपडे कापताना शिवणीवरून कापा. वार किंवा गोळी लागली असेल तर कापडातल्या भोकातून कात्री घालू नका, तो पुरावा असतो. कपडे कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये ओले कपडे कुजतात. पिशवीवर नाव, वेळ, सही. आणि एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद होईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय, तरी नवा इंटर्न पोलिसांची वाट बघत उभा राहतो.

उघडं केलं की लगेच झाका. वरती पंखा, बाजूला एसी, अंगाखाली ओली चादर. तापमान लिहिलेला ट्रॉमाचा केसपेपर क्वचितच दिसतो. ३५ च्या खाली गेलं की रक्त गोठायला अडचण येते हे मुलांना ठाऊक असतं, थर्मामीटर कुठे ठेवलाय ते ठाऊक नसतं.

पोस्टिंगच्या पहिल्या सकाळी अर्धा तास आमच्याकडे पाठवा. ट्रॉली दाखवतो. सक्शन चालू करून बघणं, लॅरिंगोस्कोपचा दिवा, तोंडातल्या एअरवेचे (श्वासमार्ग मोकळा ठेवणाऱ्या नळीचे) आकार, पेल्व्हिसला बांधायची चादर, रक्ताच्या नमुन्याचं लेबल पेशंटच्या शेजारी उभं राहूनच लिहिणं. अनोळखी पेशंट दोन आले की लेबलं बदलतात, आणि चुकीच्या गटाचं रक्त चढणं हे कुठल्याही ट्रॉमापेक्षा वाईट.

गुंगीवाला

दोन मुद्दे जोडतो, एका मुद्द्यावर असहमती.

असहमती आधी. "नाव काय" हा प्रश्न पहिला, हे बहुतेक वेळा ठीक. पण रेल्वेखाली पाय तुटलेला किंवा थ्रेशरमध्ये हात गेलेला पेशंट आला आणि रक्ताची धार दिसतेय, तर नाव विचारत बसायचं नाही. एटीएलएसच्या २०२५ च्या अकराव्या आवृत्तीनेही 'ए'च्या आधी 'एक्स' घातलाय, म्हणजे बाहेर दिसणारा जीवघेणा रक्तस्राव. आधी थेट दाब. थांबत नसेल तर जखमेत गॉझ ठासून भरणं. हातापायाचा असेल तर टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नको, रुंद पट्ट्याचा. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा केसपेपरवर ठळक लिहायची. दोरी, वायर, सलाइनची नळी यांनी मांस चिरतं आणि बहुधा फक्त शिरा दबतात, धमनी वाहत राहते, म्हणून रक्त उलट वाढतं. काहीच नसेल तर हाताने फुगवायचा बीपीचा कफ चालतो, पण तो हळूहळू हवा सोडतो, एकाने त्यावर नजर ठेवायची.

पहिला मुद्दा मानेचा. डोक्याशी उभा राहणारा इंटर्न दोन्ही हातांनी डोकं धरतो आणि जबडा पुढे ढकलायला त्याला हात उरत नाही. जोडीने शिकवा: एक जण खालून, छातीच्या बाजूने, मान स्थिर धरतो, दुसरा डोक्याशी श्वासमार्ग बघतो. कॉलर लावली म्हणजे मान सुरक्षित झाली, असं नाही. नळी घालताना कॉलरचा पुढचा भाग काढावाच लागतो, नाहीतर तोंडच उघडत नाही, आणि तेवढा वेळ मान हातांनी धरायची. तोंडातल्या एअरवेचं माप ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. लहान पडली तर जीभ मागे ढकलली जाते. घशाला लागल्यावर उबळ येण्याइतकी शुद्ध असलेल्याला ती घालायचीच नाही. कवटीचा तळ फुटल्याची शंका असेल तर नाकातून काहीही आत घालायचं नाही, रायल्स ट्यूब (जठरात जाणारी नळी) तोंडातून.

दुसरा मुद्दा जीसीएसचा, म्हणजे शुद्ध मोजायच्या ग्लासगो कोमा स्केलचा. १९७४ मध्ये ग्लासगोला टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली ही मोजपट्टी आजही इंटर्न बेरीज म्हणून लिहितात: 'जीसीएस ९'. डोळे (ई), बोलणं (व्ही), हालचाल (एम) वेगवेगळं लिहायला लावा. ई२ व्ही२ एम५ आणि ई४ व्ही१ एम४ या दोन्हींची बेरीज ९, पेशंट मात्र एकदम निराळे. डोळे सुजून बंद असतील तर १ द्यायचा नाही, 'तपासता येत नाही' लिहायचं. वेदना द्यायची तर मानेच्या कडेचा ट्रॅपेझियस चिमटीत धरून किंवा भुवईखालच्या खाचेत दाबून. हात कॉलरबोनच्या वर उठून त्या जागेकडे आला तर ५. छातीच्या हाडावर मुठीने घासणं सोडा. हात छातीकडे येणारच, मग ते वेदनेकडे जाणं की नुसतं कोपरात वाकणं, हे ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंना वेगळं आलं तर चांगल्या बाजूचा आकडा धरायचा, पण फरक लिहायचा.

सरावाला एक पैसा लागत नाही. चिठ्ठ्यांवर आकडे लिहा, एकाने चिठ्ठी उचलून तसा पेशंट व्हायचं, दुसऱ्याने मोजायचं. व्ही३ आणि व्ही४ मध्ये सगळे गोंधळतात. सुटे शब्द आले तर ३, वाक्य आहे पण गोंधळलेलं तर ४.

आणि एक सवय अंगवळणी पाडा. मी गुंगीचं औषध देण्याआधी जीसीएस, डोळ्यांच्या बाहुल्या आणि चारही हातपायांची हालचाल लिहिलेली असलीच पाहिजे. नंतर न्यूरोसर्जन विचारतो आणि कुणाकडेच उत्तर नसतं. दारूचा वास आला म्हणून शुद्ध कमी आहे, असं लिहिण्याआधी सीटी.

शल्यक

सगळ्यांचे आभार, सिस्टरांचे विशेष. सिलेंडरचा भागाकार उद्यापासून.

दोन शंका. एक, पाठ पाहायला पेशंट कुशीवर वळवणं आम्ही सगळ्यांना शिकवतो, चार जण लावून. पेल्व्हिस मोडलेलं असेल तर तेच वळवणं नडतं, असं ऑर्थोवाले म्हणतात. मग इंटर्नने काय करायचं? दोन, छातीत सुई टाकण्याची जागा. बॅचमधली निम्मी मुलं दुसरी फासळीमधली जागा सांगतात, निम्मी पाचवी.

हाडांचा_मामला

पेल्व्हिसबद्दल मी सांगतो.

पहिली गोष्ट, पेल्व्हिस दोन्ही बाजूंनी दाबून, हलवून बघणं इंटर्नच्या हातून काढून घ्या. मोडलं असेल तर लागलेली गुठळी सुटते, आणि नसेल तर त्या दाबण्यातून कळत काही नाही. अपघाताचा प्रकार, पायांच्या लांबीतला फरक, मांडीच्या सांध्याशी किंवा जांघेत निळसरपणा, मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त, आणि उतरलेलं बीपी. एवढ्यावर बांधा आणि एक्स-रे मागवा. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त असेल तर कॅथेटर इंटर्नने घालायचा नाही.

बांधायचं कुठे, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला बांधतात, त्याने पेल्व्हिस खालून उलट उघडू शकतं. बांधायची जागा मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, म्हणजे खिशात हात घातल्यावर बोटं टेकतात त्या पातळीवर. साधी चादर वीस-पंचवीस सेंटिमीटर रुंद घडी करून गुडघ्यांखालून सरकवायची, दोन जणांनी दोन बाजूंनी वर आणायची, पुढे पिळून आर्टरी फोर्सेप्सने पीळ पकडायचा. गाठ मारली की ती सैल होते. गुडघे आणि पावलं आत वळवून एकत्र बांधायची. इंटर्ननी एकमेकांवर हे करून पाहावं, तीन मिनिटांच्या आत.

पाठ पाहायची ती बांधल्यानंतर, आणि पूर्ण ९० अंश कुशीवर न वळवता, पाठीखाली हात जाईल इतपत थोडंसं कलवून. बगल, पाठ, कमरेच्या बाजू आणि नितंबांची घडी एवढं दिसलंच पाहिजे. वळवताना हुकूम डोक्याशी उभ्या असलेल्याचा. "एक-दोन-तीन" म्हणण्याआधी तीनवर वळवायचं की तीननंतर, हे ठरवून घ्या. हसण्यासारखं वाटतं, पण अर्धी टीम आधी आणि अर्धी नंतर वळवते तेव्हा मान मध्ये पिळते.

उघड्या फ्रॅक्चरच्या पेशंटला अँटिबायोटिक पहिल्या तासात. सेफाझोलिन, वजन ५० किलोच्या आत असेल तर १ ग्रॅम, ५० ते १०० मध्ये २ ग्रॅम, ॲलर्जी नाही याची खात्री करून. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरत नाहीत, हे विसरतात. स्प्लिंट लावण्याआधी आणि लावल्यानंतर खालची नाडी दोन्ही वेळा लिहायची. आणि कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये (स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढतो तेव्हा) नाडी शेवटपर्यंत लागते, म्हणून 'नाडी आहे, चिंता नाही' हे लिहिणाऱ्याला बोटं ताणून दुखतं का ते बघायला परत पाठवा.

तातडीचा_कक्ष

सुईची जागा: प्रौढांत चौथी किंवा पाचवी बरगड्यांमधली जागा, बगलेच्या मधल्या रेषेच्या जरा पुढे. एटीएलएसने २०१८ पासून हेच धरलंय. लहान मुलांत अजून दुसरी जागा, कॉलरबोनच्या मधोमध खाली. कारण पुढून छातीची भिंत जाड, आणि नेहमीचा १४ नंबरचा कॅन्युला जेमतेम पाच सेंटिमीटरचा, पुष्कळदा फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतच नाही. तेही चुकलं तर बोटाने भोक मोठं करून मोकळं करायचं, आणि सुई टाकली की आयसीडी (छातीतली हवा-रक्त काढायची नळी) पाठोपाठ आलाच. ठोकून पोकळ आवाज ऐकायची अपेक्षा कॅज्युअल्टीच्या गोंगाटात ठेवू नका. छातीची हालचाल पाहणं, श्वासनलिका बोटाने चाचपणं आणि स्टेथो, यावर भर द्या. मानेच्या शिरा फुगलेल्या हव्यातच असं नाही. रक्त गेलेलं असेल तर त्या रिकाम्याच दिसतात, आणि मुलं टेन्शन नाही म्हणून पुढे जातात.

आता परीक्षा. एक इंटर्न पेशंट होऊन टेबलावर झोपतो, दुसरा तपासतो, बाकीच्यांतला एक सिस्टर, एक वेळ लिहिणारा. आठ मिनिटं. परीक्षकाकडे आकड्यांच्या चिठ्ठ्या. नियम एकच: जे खरंच तपासलं त्याचाच निकाल सांगायचा. "मी छाती ऐकतो" म्हणून चालणार नाही, स्टेथो कपडा बाजूला करून लागला पाहिजे. पेशंटच्या डाव्या बगलेत किंवा पाठीवर आधीच एक लाल कागद चिकटवून ठेवा: 'वार'. कपडे काढून, वळवून पाहणाऱ्यालाच तो सापडतो. निम्म्या जणांचा तो राहतो आणि पुढच्या फेरीत एकाचाही राहत नाही.

चिठ्ठ्या अशा ठेवता येतील. सुरुवातीला नाडी १२४, बीपी १०८/८४, श्वास ३२, सॅच्युरेशन ९१, डावीकडे हवा नाही. सुई टाकली तर सॅच्युरेशन ९६, नाडी १२८, बीपी १००/८०. म्हणजे अजून काहीतरी आहे. फास्ट (आत साचलेलं रक्त शोधायची झटपट सोनोग्राफी) मागितला तर यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामध्ये काळी पट्टी. पाचव्या मिनिटाला, कुणी विचारो न विचारो, पेशंट "पाणी द्या, पाणी द्या" म्हणत अस्वस्थ होतो, आणि सहाव्याला उत्तर द्यायचा थांबतो. 'ए'कडे परत येतो तो पास. मॉनिटरच्या तारा तपासत बसतो तो नापास. फास्टमध्ये काही दिसलं नाही तरी पोट मोकळं, असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा. सुरुवातीच्या थोड्या रक्ताला आणि पेल्व्हिसच्या मागच्या रक्ताला फास्ट चुकतो, म्हणून पुन्हा करायचा.

गुणांची लांबलचक यादी करू नका. शंभर टिका मारणारा परीक्षक पेशंटकडे बघतच नाही. पाच गोष्टी सक्तीच्या: बीपीच्या आधी रक्ताची धार आणि श्वासमार्ग, पिशवी फुगलेला ऑक्सिजन, पाठ आणि बगल पाहणं, प्रत्येक उपचारानंतर पुन्हा पाहणं, वेळेत वरिष्ठांना बोलावून अर्ध्या मिनिटात हँडओव्हर. हँडओव्हरचा क्रम: कसं लागलं, काय सापडलं, आकडे काय, काय दिलं. पाचांतली एक चुकली तर त्याच आठवड्यात पुन्हा. शेरा रजिस्टरमध्ये नाही चढवायचा, नाहीतर मुलं लपवायला शिकतात.

उरलेल्या दोन दिवसांसाठी एक सुचवतो, फार कमी ठिकाणी होतं. आदल्या दिवशी दाखल झालेल्या, आता स्थिर असलेल्या पेशंटची डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासणी इंटर्नकडून करून घ्या, चोवीस तासांच्या आत, पेशंटला विचारून. घाई नसते, पेशंट बोलतो, आणि पहिल्या दिवशी सुटलेलं खरंच सापडतं: मनगटाचं लहान हाड, पावलाची हाडं, बोटाचा तुटलेला स्नायुबंध, दात. औषधांचा इतिहासही तेव्हाच नीट मिळतो. 'अँटिकोॲग्युलंट घेता का' विचारलं तर नाही म्हणतील. 'हार्टची, रक्त पातळ करायची गोळी आहे का, डबी दाखवा' म्हटलं की नातेवाईक पिशवीतून काढतात. टेबलावरच्या गोंधळात जे शिकवता येत नाही ते वॉर्डात वीस मिनिटांत होतं.

शल्यक

वॉर्डातली तपासणी आजच वेळापत्रकात घालतो. शेवटचं: आयसीडीचा सराव कशावर करून घेता? मॅनिकिनची किंमत ऐकून अधिष्ठात्यांनी फाइल बंद केली.

सफेद_टोपी

खाटकाकडून बोकडाच्या बरगड्यांचा अखंड अर्धा भाग मागवा, कातडं नको पण वरचं मांस ठेवायला सांगा. आतल्या बाजूला प्लॅस्टिकची पिशवी ताणून टाचणीने लावा, ती फुप्फुसाचं आवरण. पिशवीच्या मागे थोडा फुगवलेला फुगा. बोट घालण्याआधी चिमटा जोरात घुसवला तर फुगा फुटतो, आणि फुगा म्हणजे फुप्फुस, एवढं सांगितलं की हात हलका होतो. बरगडीच्या वरच्या कडेवरून जायचं, खालच्या कडेला शिर-धमनी असते, ती कापलेल्या टोकाला दिसतेच, दाखवून द्या. नळी २८ ते ३२ नंबर, बाटलीत दोन सेंटिमीटर पाण्याखाली, आणि बाटली कायम पेशंटच्या खाली. टाके पण तिथेच घालून घ्या, नळी नुसत्या चिकटपट्टीवर सोडलेली ट्रॉलीवर निघते. एका अर्ध्या भागावर चार-पाच जणांचा सराव होतो. झालं की मांस पिवळ्या पिशवीत, ब्लेड आणि सुया पांढऱ्या डब्यात, आणि टेबल हायपोक्लोराइटने पुसून. सकाळी नऊच्या आत आणा, दुपारी उन्हात वास सुटतो आणि वॉर्डबॉय पुढच्या वेळी नाही म्हणतो.